मोट ते मोटार : चामड्याची निगा

बिदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, औराद-कमलनगरकडच्या काळ्या रानात, ठाणाकुशनूर हे गाव आहे. निजामी अमदानीत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. सीमारेषा शेतांमधून गेली; घरांतील बोली मात्र होती तीच राहिली. या भागातील मराठी कुटुंबांना आज एक नवाच प्रश्न पडू लागला आहे, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. तो म्हणजे मोटारीतील चामड्याच्या बैठकींचा.

पन्नास वर्षांमागे अशा गावात जीप किंवा अँबॅसडर आली, तर तिच्यामागे पोरे धावत. तिच्या आतील बैठकी रेक्झिनच्या असत. उन्हात तापल्या की धोतरातूनही चटका बसे आणि फाटल्या की आतला काथ्या बाहेर डोकावे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता पुण्या-हैदराबादेस नोकरीस असलेली मुले सणावाराला ज्या गाड्या दारात उभ्या करतात, किंवा मोठ्या शहरांतून ज्या वापरलेल्या गाड्या स्वस्तात मिळाल्या म्हणून खेड्यापाड्यांत येतात, त्यांच्या बैठकी पुष्कळदा चामड्याच्या असतात, निदान तशा सांगितल्या तरी जातात. गाडी घरी येते. पण तिच्या बैठकींची निगा कशी ठेवावी हे सांगणारे कोणी तिच्याबरोबर येत नाही. मग कोणी खोबरेल चोळतो, कोणी कपड्याच्या साबणाने घासतो, कोणी दुकानात मिळालेले प्लॅस्टिक वर्षानुवर्षे काढीतच नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत चालकाच्या बैठकीला भेगा पडतात. त्या नव्याने खऱ्या चामड्यात मढवून घ्यावयाच्या म्हटल्या, तर कित्येक क्विंटल सोयाबीनची किंमत मोजावी लागते. तेव्हा हा केवळ शोभेचा विषय नव्हे.

वास्तविक चामड्याची निगा ही आपल्या भागाला अपरिचित गोष्ट नव्हती. ऑइल इंजिने आणि विजेचे पंप येईपर्यंत विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेनेच शिवारात येत असे. धावेवरून बैल उतरले की मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. दिवसभर पाण्यात बुडणारे आणि विहिरीच्या काठाला घासणारे ते चामडे वाळले तर कडक होऊन फुटे, आणि सतत ओले राहिले तर कुजे. म्हणून त्याला तेल पाजावे लागे. करंजेल, एरंडेल ही तेले त्यासाठी वापरीत. करडई पिकविणाऱ्या मुलखात आणखी एक युक्ती होती. करडईचे बी मडक्यात कोंडून विस्तव देत. त्यातून जे काळे, चिकट तेल पाझरे, ते नाड्याला आणि पाण्यात राहणाऱ्या चामड्याला चोपडीत. खाण्यास व जाळण्यास ते निरुपयोगी. पण पाणी अडविण्यास उत्तम. करडईचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन त्याचा डिंकासारखा थर बनतो, हे त्या मागचे इंगित. ज्यांनी हे शोधून काढले त्यांना रसायनशास्त्राचे शब्द ठाऊक नव्हते, परंतु त्यांचे निरीक्षण पक्के होते.

हेच कातडे कमावण्याच्या कलेविषयी म्हणता येईल. कच्चे कातडे चुन्यात भिजवून त्यावरचे केस काढणे, मांसाचा अंश खरवडणे, आणि मग तरवडाची साल, बाभळीची साल, हिरडा यांच्या काढ्यात ते आठवडेच्या आठवडे मुरविणे, अशी ती प्रक्रिया. कातडे हे मुळात बारीक तंतूंचे जाळे असते. या वनस्पतींतील तुरट द्रव्य त्या तंतूंना जाऊन बिलगते. त्यामुळे ते कुजत नाहीत, एकमेकांना घट्ट चिकटून ताठरही होत नाहीत. हिरडा चघळला असता तोंडात जी ओढ बसते, तीच क्रिया कातड्यावर होते. ओढ्याकाठी, माळावर पिवळ्या फुलांनी डवरलेला तरवड आजही दिसतो. त्याच्या सालीवर एके काळी दक्षिणेतील मोठा चामड्याचा व्यापार उभा होता, हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही कला ज्यांच्या हाती होती, त्यांना गावाने काय दिले? सुगीला बलुत्याचे चार पायल्या धान्य, आणि गावकुसाबाहेरची जागा. या गोष्टीचा उल्लेख टाळून चामड्याविषयी लिहिणे, विशेषतः बिदर जिल्ह्यातून लिहिणे, अप्रामाणिकपणाचे होईल. कारण याच जिल्ह्यातील बसवकल्याण येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणमंडळात कातडी कमावणारे ढोर कक्कय्या होते आणि पादत्राणे करणारे हरळय्या होते. हरळय्यांनी बसवण्णांना एकवार ‘शरणु’ म्हटले आणि बसवण्णांनी उत्तरादाखल दोनवार म्हटले, तेव्हा त्या अधिक नमस्काराचे ऋण फेडण्यासाठी हरळय्या व त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांड्यांच्या कातड्याचे जोडे करून आणले, अशी कथा इकडे घरोघर सांगतात. बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला. राजा बिज्जळाने त्याबद्दल दोघा व्याह्यांना देहान्ताची शिक्षा दिली आणि कल्याण पेटले. ज्या वस्तूला आपण आज प्रतिष्ठेची म्हणून शोरूममध्ये अधिक पैसे मोजतो, तिला हात लावणाऱ्याच्या मुलाचे लग्न हा आठशे वर्षांपूर्वी मृत्युदंडाचा अपराध ठरला होता.

गावोगावची कातडी कमावण्याची कुंडे आता बहुतेक बंद पडली. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्याचे आवाहन केले. त्यानंतरच्या पिढ्यांनी ते मनावर घेतले आणि शाळेची वाट धरली. ‘जुनी कला लोपली’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, ती कला करणाऱ्यांनी ती सोडली याला सबळ कारण होते. त्या कलेतील ज्ञान मात्र सर्वांचे आहे. ते टिपून ठेवावयास हरकत नसावी. कर्नाटकात व महाराष्ट्रात चर्मोद्योगासाठी सरकारी महामंडळे आहेत आणि चेन्नईस १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. त्यामुळे पूर्वी ओढ्याकाठी चालणारे काम आता प्रयोगशाळेत आणि कारखान्यात गेले आहे, इतकेच.

या स्थित्यंतरात एक मौजेची गोष्ट आहे. वनस्पतींच्या काढ्याऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. आठवड्यांचे काम त्यामुळे काही दिवसांत होऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती रीत हिंदुस्थानात आणण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्यापुढे मोटारी नव्हत्या, मोटा होत्या! क्रोमने कमावलेले कातडे पाण्यात अधिक टिकते, म्हणून त्याच्या मोटा करून शेतकऱ्यांना द्याव्यात, असा तो विचार होता. आज मोटारींच्या बैठकींसाठी जगभर जे चामडे लागते त्याचा मोठा भाग क्रोमनेच कमावलेला असतो. मोट आणि मोटार यांचे नाते केवळ उच्चारापुरते नाही, ते असे.

आणखी एक गमतीचा भाग. मोटारीच्या बाल्यावस्थेत घोडागाडीचाच रिवाज चालू होता. मालक बंदिस्त कक्षात उंची लोकरी किंवा रेशमी कापडाच्या गादीवर बसे. पुढे उघड्यावर, पाऊसवारा सोशीत बसणाऱ्या चालकाच्या वाट्याला चामड्याची बैठक येई, कारण तेवढा मारा चामडेच सहन करू शके. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची पिवळीधमक रोल्स रॉइस ठेवलेली आहे. ती पाहावयास जाणाऱ्यांनी हा फरक मनात ठेवून त्या काळच्या मोटारींकडे पाहावे. नोकराची म्हणून जी बैठक होती, ती पुढे धन्याची कशी झाली, याचा इतिहास कोणी लिहिला तर वाचनीय होईल.

आता मूळ विषयाकडे येऊ. चामड्याच्या बैठकीची निगा ठेवण्यापूर्वी ती चामड्याची आहे काय, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे कोणत्याही कृत्रिम चामड्याला सरसकट रेक्झिन म्हणण्याची पद्धत आहे. मुळात ते इंग्लंडमधील एका कंपनीच्या मालाचे नाव. आज त्या जागी पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन यांचा लेप दिलेले कापड येते आणि विक्रेते त्याला लेदरेट म्हणतात. लेदरेट म्हणजे लेदर नव्हे, हे किती गिऱ्हाइकांना कळते कोण जाणे. खरे चामडे असल्याचे सांगितलेल्या गाड्यांतही पुष्कळदा अंग टेकते तेवढाच भाग चामड्याचा असतो आणि कडा, पाठीमागची बाजू लेदरेटची असते. ओळखण्याची सोपी रीत अशी की, बैठकीच्या खालची किंवा मागची एखादी न दिसणारी कड शोधावी. उलट्या बाजूस विणलेले कापड दिसले तर ते लेदरेट; मऊ, तंतुमय, लव असल्यासारखा पृष्ठभाग दिसला तर चामडे. काडी लावून वास घेण्याचा जो प्रकार काही लोक सांगतात, तो मोटारीत करण्याचा नव्हे.

लेदरेटला कसलेही तेल किंवा मलम लागत नाही. ओलसर फडक्याने पुसणे आणि उन्हापासून जपणे, एवढेच त्याचे आयुष्य वाढविते. पॉलियुरेथेनचा हलक्या प्रतीचा लेप दमट हवेत व उष्णतेत आपोआप विघटन पावतो आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटू लागतात. एकदा ते सुटू लागले म्हणजे जगातील कोणतेही मलम ते पुन्हा चिकटवीत नाही. तेव्हा त्यावर खर्च करू नये. नवे कापड चढवावे हे बरे.

खऱ्या चामड्यातही दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. फार महागड्या गाड्यांत क्वचित असे चामडे असते की, त्याला केवळ रंगात बुडविलेले असते, वर लेप जवळजवळ नसतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू आत शिरतो आणि तेवढी जागा गडद होते. परंतु आपल्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक गाड्यांतील चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकसदृश द्रव्याचा पातळ थर असतो. त्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. ही परीक्षा न दिसणाऱ्या कोपऱ्यात करावी. या एका थेंबात निगेचे सारे शास्त्र आहे, असे म्हटले तरी चालेल. कारण पाणी जर आत जात नसेल, तर तेल तरी कसे जाणार?

आजोबांच्या मोटेची रीत मोटारीला का लागू पडत नाही, याचे उत्तर येथे मिळते. मोटेचे चामडे उघडे होते, तेल पिणारे होते. मोटारीच्या चामड्याला जे स्निग्ध द्रव्य द्यावयाचे ते कारखान्यातच, लेप देण्यापूर्वी, देऊन झालेले असते. त्यावर खोबरेल चोळले तर ते वरच बसते, धूळ ओढते, काळपट चिकटा तयार होतो आणि पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर त्याचा नकाशा उमटतो. शिवणीच्या भोकांतून व भेगांतून जे थोडे आत जाते, ते पुढे खवट होते. करडईचे आणि जवसाचे तेल तर मुळीच लावू नये. वर सांगितल्याप्रमाणे ते सुकून घट्ट होते, आणि ज्या गुणामुळे ते मोटेला तारक होते त्याच गुणामुळे मऊ बैठकीला मारक ठरते. मोहरीचे तेल, तूप, पेट्रोलियम जेली, बुटाचे पॉलिश यांचीही गणना यातच करावी.

मग चामड्याच्या लेपाचे खरे वैरी कोण? आमच्या मते पहिला वैरी धूळ. औराद भागातील काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होऊन काचा बंद असतानाही आत शिरते आणि शिवणींच्या खाचांत बसते. माणूस बसला, हलला, उतरला की तीच धूळ कानसेसारखी लेप घासते. म्हणून पुसण्यापूर्वी झाडणे महत्त्वाचे. मऊ ब्रशाने खाचांतील धूळ मोकळी करावी, व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्याने ओढून घ्यावी, आणि मगच ओले फडके हाती घ्यावे. धूळ न काढता ओल्या फडक्याने घासणे म्हणजे बैठकीला चिखलाने पॉलिश करणे होय.

धुण्यासाठी कोमट पाण्यात अगदी सौम्य साबणाचे, शक्यतो चामड्यासाठीच बनविलेल्या द्रवाचे, दोन-चार थेंब टाकून फेस करावा. त्यात जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे फडके बुडवून घट्ट पिळावे आणि हलक्या हाताने पुसावे. लगेच दुसऱ्या, केवळ पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण काढावा आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पाणी ओतू नये. कपड्याचा साबण, सोडा, भांड्यांची पावडर वर्ज्य. कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्ल असते आणि हे पदार्थ अल्कधर्मी. दोघांचे जमत नाही. काचा पुसण्याच्या काही निळ्या द्रवांत अमोनिया असतो, तोही याच जातीचा. स्पिरिट, थिनर, नखांचा रंग काढण्याचे द्रव यांनी तर डागाबरोबर लेपच विरघळतो. पेनची शाई लागली म्हणून स्पिरिटने घासून त्याजागी पांढरा चट्टा करून घेतलेल्या गाड्या प्रत्येक गॅरेजात पाहावयास मिळतील. शाईचा डाग ताजा असेल तर कोरड्या कापडाने टिपावा. जुना असेल तर जाणत्या माणसाकडे जावे, नाहीतर तो तसाच राहू द्यावा.

बैठकीत छिद्रे असलेले चामडे असेल, तर द्रव नेहमी फडक्यावर घ्यावा, बैठकीवर शिंपडू नये. छिद्रे बुजतात आणि हवा खेळण्याची सोय निरर्थक होते.

दुसरा वैरी माणसाचे अंग. घाम, अंगाचे तेल आणि आपल्याकडे विशेषेकरून डोक्याचे तेल! डोके टेकण्याच्या उशीवर जो चकचकीत काळपट डाग पडतो तो त्याचाच. ते नित्य साचत राहिले तर लेप नरम पडून सोलला जातो. महिन्या-दोन महिन्यांनी तेवढा भाग पुसणे श्रेयस्कर. सरकारी कचेऱ्यांत साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल टाकण्याची जी पद्धत आहे, तिची आपण थट्टा करतो. परंतु चामड्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. टॉवेल घाम शोषतो, ऊन अडवितो आणि आठवड्याला धुता येतो. मात्र तो हलक्या रंगाचा आणि पक्क्या रंगाचा असावा. नवी निळी जीन्स, नवे हातमागाचे वस्त्र, नवी रंगीत सतरंजी यांचा कच्चा रंग घामाच्या ओलाव्याने फिकट चामड्यावर उतरतो आणि मग तो सहजासहजी निघत नाही. हळदीकुंकवाहून परतताना पदराला लागलेल्या हळदीचेही तेच. ओली असतानाच टिपावी, घासू नये.

तिसरा वैरी ऊन. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत तपमान साठ अंशांपलीकडे जाऊ शकते आणि काळ्या बैठकीचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक तापतो. (अशा गाडीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये, हे जाता जाता सांगितलेच पाहिजे.) क्रोमने कमावलेले कोरडे चामडे एवढ्या उष्णतेने आक्रसत नाही, पण त्यातील ओलावा आणि स्निग्धता उडत जाते, अतिनील किरणांनी रंग विटतो आणि वरचा लेप ठिसूळ बनतो. ठिसूळ लेपावर माणूस बसला की जेथे घडी पडते तेथे केसासारखी भेग जाते. सावली हा त्यावरचा खरा उपाय. लिंबाखाली गाडी लावली तर पक्ष्यांची विष्ठा छतावर पडेल, पण छत धुता येते. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावावा आणि बैठकींवर सुती चादर टाकावी. काचांना काळा कागद लावून घेण्याचा मोह आवरावा; पुढील व मागील काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम आहे. बैठक धुतल्यावर ती वाळविण्यासाठी गाडी भर उन्हात उभी करण्याची चूक मात्र करू नये. ओल्या चामड्याला उष्णता अधिक बाधते. दारे उघडून सावलीत वारा लागू द्यावा.

पावसाळ्यात प्रश्न उलट होतो. श्रावणाच्या झडीत गाडी आठ-आठ दिवस बंद राहते, पायपुसण्या ओल्या असतात आणि एके दिवशी बैठकीवर पांढरी बुरशी दिसते. घाबरण्याचे कारण नाही. गाडी बाहेर काढून, बुरशी घरात न झटकता, कोरड्या फडक्याने टिपावी, ते फडके धुऊन टाकावे, मग वर सांगितल्याप्रमाणे पुसून वाऱ्यावर वाळवावे. बुरशी पुन्हापुन्हा येत असेल तर ओल कोठून येते ते शोधावे. बहुधा ती पायांखालच्या गालिच्यात सापडेल. आणि बैठकीवरचे मूळचे प्लॅस्टिक! आपल्या मध्यमवर्गीय घरांत नव्या वस्तूचे वेष्टण काढण्यास मन धजत नाही. घड्याळाचे, रेडिओचे वेष्टण राहिले तर नुकसान नव्हते. मोटारीच्या बैठकीवरचे राहिले तर आत ओल कोंडते, बुरशी धरते, आणि उन्हाळ्यात ते तापून चामड्याला चिकटते. ते पहिल्याच दिवशी काढावे.

दुकानांत चामड्यासाठी मलमे मिळतात. ती मुळीच निरुपयोगी आहेत असे नाही, पण त्यांच्या जाहिराती सांगतात तितकी ती गुणकारीही नसतात. पाण्यात मिसळणारे, तेलकटपणा न ठेवणारे मलम वर्षातून दोन-तीनदा, बैठक स्वच्छ केल्यानंतर, पातळ लावून पुसून घ्यावे. त्याने वरचा लेप थोडा लवचीक राहतो, घर्षण कमी होते, किरणांपासून अल्पसे रक्षण होते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. चकाकी आणणारे सिलिकॉनचे फवारे लावले तर बैठक निसरडी होते आणि पुढे रंगकाम करावयाचे झाल्यास नवा रंग धरत नाही. नव्या बैठकीला जशी किंचित मंद झाक असते, तीच निरोगी चामड्याची खूण. चकाकणारी बैठक बहुधा मळलेली असते.

भेग एकदा पडल्यावर काय? लेपापुरतीच असेल तर कारागीर ती जागा साफ करून, बारीक घासून, भराव देऊन पुन्हा रंग व लेप चढवितो. काम चांगले झाले तर वर्षानुवर्षे टिकते. तंतूच तुटले असतील तर तेवढा तुकडा उसवून नवा शिवावा लागतो. शहरांतील कुशनच्या दुकानांत ही कामे होतात. पूर्वी आरी आणि रापी घेऊन जो माणूस गावात बसे, त्याचीच नातवंडे कित्येकदा आज तेथे शिवणयंत्रावर बसलेली आढळतील. आणि तो नुसता हात फिरवून सांगेल की हे चामडे पाठीचे की पोटाचे. पाठीचे दाट, पोटाचे सैल व ताणणारे. त्याचा सल्ला मोलाचा असतो आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, असे आम्हांस वाटते.

येथे एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगितली पाहिजे. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या बैठकींच्या बाहेरच्या कडेत सुरक्षेची हवेची पिशवी दडविलेली असते. अपघाताच्या क्षणी ती विशिष्ट शिवण उसवून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम कमी बळाची ठेवलेली असते. हौसेने वरून घट्ट खोळ चढविली किंवा नव्याने मढविताना तीच शिवण पक्की दुहेरी मारली, तर पिशवी वेळेवर उघडणार नाही. बैठकीच्या कडेला तशी चिठ्ठी शिवलेली आहे काय, हे खोळ घेण्यापूर्वी पाहावे, आणि कारागिरालाही ती दाखवावी. बैठक वाचविण्याच्या नादात बसणाऱ्याचा बचाव गमावण्यात अर्थ नाही.

शेवटचा मुद्दा वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी. आमच्या सीमाभागात अशाच गाड्या अधिक येतात. किती किलोमीटर धावली हे दाखविणारा आकडा मागे फिरविता येतो. चामडे मात्र मागे फिरत नाही. चालकाची बैठक पाहावी, आणि तिच्यातही दाराकडची उंच कड. माणूस प्रत्येक वेळी चढता-उतरताना तेथेच घासतो. आकडा वीस हजारांचा असून ती कड झिजून भेगाळलेली असेल, तर विक्रेत्याला कारण विचारावे. तसेच सर्व बैठकी जुन्या आणि फक्त चालकाची नवी मढविलेली असेल, तरी विचारावे. खाली वाकून बैठकीच्या लोखंडी सांगाड्यावर गंज किंवा चिखलाची रेघ दिसते का ते बघावे; पुराच्या पाण्यात राहून आलेली गाडी वरून कितीही पुसली तरी तेथे ओळखू येते. विक्रेता तुमच्या हाती चहाचा कप देऊन बाहेर खुर्ची मांडील; तो चहा प्यावा, पण बैठक आधी पाहून घ्यावी.